माडी किती ढेपा पेलेल

लालासाहेब महाडिक कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी परात मागायचे. पितळी असो की लोखंडी, काठोकाठ पाणी धरेल एवढीच त्यांची अट. परात स्वतः जिन्यानं वर नेऊन माडीच्या मधोमध ठेवायचे, पाण्यानं भरायचे आणि तिच्याजवळ गुडघ्यावर बसायचे. बरोबर आलेल्या दोन हमालांनी जिन्याकडून गुळाची एक ढेप उचलून आणायची आणि परातीपासून दोन हातांवर ठेवायची. टाकायची नाही, ठेवायची. ढेप टेकली की परातीतलं पाणी थरथरायचं आणि लालासाहेब मोठ्यानं आकडे मोजायला लागायचे. पाणी दहाच्या आत थांबलं तर माडी ठीक. मोजणी विसाच्या पुढं गेली तर ते उठून कोपऱ्यात जायचे. तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं ओल्या चुन्याचं एक बोट ओढायचे आणि आठ दिवसांनी परत यायचे. चुना तडकलेला दिसला तर तुळई भिंतीत हलतेय, असा त्याचा अर्थ.

घरातल्या बायका दारातून बघत असायच्या. एकीनं विचारलं होतं, "पूजा हाय का काय मुकादम? मग फुलं आणाय नकोत?"

"फुलं नकोत. जरा जिन्यावर उभ्या ऱ्हाऊ नगा," एवढंच ते म्हणाले होते.

एकोणीसशे चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस या वर्षांत त्यांनी सांगलीच्या गावभागातली आणि पेठेतली त्रेसष्ट जुनी घरं अशी तपासली. ते इंजिनिअर नव्हते, गवंडीही नव्हते. गुळाच्या सौद्यात, म्हणजे लिलावाच्या बाजारात, हमालांची एक टोळी होती, तिचे ते मुकादम. शिक्षण चौथी. धरणी हलली तर या गल्ल्यांतलं कोणतं घर आधी बसेल, हा प्रश्न त्यांच्याआधी तिथं कुणी विचारला नव्हता, कारण गावभागातल्या कुणी धरणी हललेली पाहिली नव्हती.

लालासाहेबांनी पाहिली होती. कडेगावजवळच्या वाडीतल्या शेतकरी घरातले ते मधले भाऊ. अठराव्या वर्षी फौजेत गेले आणि पस्तीस साली बलुचिस्तानात क्वेट्याला होते. भूकंपानंतर त्यांच्या तुकडीला शहरातली एक गल्ली नेमून दिली होती. माणसं काढायची, जिवंत असोत की नसोत. चार दिवस त्यांनी तेच केलं. तिसऱ्या दिवशी एक तुळई सरकली आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरून गेली. तेवढ्यावर फौजेनं त्यांना घरी पाठवलं.

गावात लोक बोटांबद्दल विचारायचे. ते घरांबद्दल सांगायचे. त्या गल्लीत छपरांवर हातभर माती होती, दरवर्षी थोडी थोडी घातलेली. एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या माडीवर पोती रचलेली होती आणि त्या माडीखाली सात माणसं सापडली, एकाच खोलीत. त्याच घराला लागून चटईच्या छपराची एक झोपडी होती. तिच्यातला म्हातारा कपडे झटकत बाहेर आला होता. नंतरचे कित्येक दिवस बारीक हादरे येत राहिले. शिपाई तंबूबाहेर पाण्याची बादली ठेवायचे. हादरा पायाला कळायच्या आधी पाण्याला कळायचा. परातीची कल्पना तिथली.

"भित मारत न्हाई," ते म्हणायचे. "भितीवर आपुन जे ठिवतो ते मारतं."

सदतीस साली ते सांगलीला आले. घरची शेती दोन भावांना पुरेल एवढी होती, तिघांना नव्हती. आठ बोटांचा हमाल म्हणून सुरुवातीला कुणी जवळ करेना. त्यांनी ढेप हातानं न धरता पाठीवर घेऊन कपाळावरच्या पट्ट्यानं तोलायची सवय लावून घेतली. पाच वर्षांत टोळीतल्या बावीस जणांनी त्यांना मुकादम केलं. तोवर गावभागातल्या बहुतेक माड्यांवर ते ओझं घेऊन चढलेले होते. कोणता जिना कुठं वाकतो, कोणती माडी पावलाखाली दबते, हे त्यांना पाठ होतं.

सांगलीत वजन वर जातं, कारण खाली कृष्णा आहे. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी आधी गावभागात शिरतं. म्हणून ज्येष्ठ लागला की अडत दुकानांतला उरलेला गूळ आणि हळदीची पोती माडीवर चढतात आणि दसऱ्यापर्यंत तिथंच राहतात. या शहाणपणात कुणाला खोट दिसत नव्हती. लालासाहेबांना दिसली. घर नदीला जितकं जवळ, तितकी पुराची भीती जास्त आणि तितका माडीवरचा ढीग उंच. पण नदीजवळच्या घरांच्या भिंतींनीच सर्वांत जास्त पूर खाल्लेले असतात. बाहेरून दगड नीट दिसतो, आतला चुना आणि माती दर पुराला थोडी थोडी निघून गेलेली असते. म्हणजे जी भिंत सर्वांत थकलेली, तिच्यावरच सर्वांत जास्त ओझं. त्रेसष्ट घरांच्या तपासणीतून निघालेली खरी गोष्ट ही एकच होती आणि ती त्यांनी पहिल्या दहा घरांतच ओळखली.

उपाय कुणालाही सुचला असता. जाड भिंत पाडून विटांची बांधावी, लोखंडी तुळया घालाव्यात. पण लढाईचे दिवस. सिमेंट नाही, लोखंड नाही, साधा पत्रा मिळवायचा तर परमिट. लालासाहेबांच्या हातात एकच गोष्ट होती, हमाल. म्हणून ते परात झाली की जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर खडूनं एक आकडा लिहायचे. त्या माडीवर तेवढ्याच ढेपा. त्याच्यावर एकही ढेप त्यांची टोळी चढवणार नाही. एक ढेप पाऊण मणाची, म्हणजे दोन ढेपांचं एक माणूस, असा त्यांचा सोपा हिशेब होता आणि ते तो प्रत्येक मालकाला सांगायचे.

बहुतेक मालक हसायचे. काही रागवायचे. आप्पासोंनी आधी वाद घातला.

आप्पासो गुळाचे अडते. त्यांचं घर नदीकडच्या उतारावर, दुमजली, कडीपाटाच्या माडीचं. खाली पुढं दुकान आणि दोन सोपे, मागं एक मोठी खोली. त्या खोलीत अंबूबाई भाड्यानं राहायची. कवठे महांकाळकडच्या धनगर घरातली ही विधवा हमालांना भाकरी करून घालायची. दुपारी बारा वाजता तिच्या चुलीपुढं अठरा-वीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची. त्यांच्या डोक्यावरच्या माडीवर दरसाल सहाशे ढेपा असत. लालासाहेबांच्या हिशेबानं तीनशे माणसं चार महिने वर उभी. परातीतलं पाणी थांबायला चौतीस आकडे लागले. त्यांनी पायरीवर लिहिलं, २२०.

हा पंचेचाळीसचा ज्येष्ठ. आप्पासो गादीवरून म्हणाले, "मुकादम, सांगलीत भूकंप कवा झालाय?"

"मी तरी ऐकला न्हाई."

"पूर दर दोन सालांनी येतो. त्याला काय सांगू, या साली तुझी पाळी न्हाई म्हणून?"

"पूर सांगून येतो, आप्पासो. दोन दिस आधी नदी दिसती. आन् ही गादीबी त्याच माडीखाली हाय."

"माझी काळजी तुमी करू नगा."

"मी अंबूबाईची करतोय. तिच्या खोलीला दार एकच."

अंबूबाई मागच्या दारात परडी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आवं आप्पासो, माझ्या डोस्क्यावर सहाशे ढेपा ठिवताय, आन् च्याला गूळ मागितला तर खडा मोजून देताय."

दुकानातली माणसं हसली, मग आप्पासोही हसले. हसलेल्या माणसाला फार वेळ नाही म्हणता येत नाही. दोनशेवीस ढेपा वर गेल्या, तीनशेऐंशी खालच्या सोप्यात उसाचा पाला अंथरून रचल्या.

श्रावणात पाणी आलं. पहिल्या दिवशी उंबऱ्याला लागलं, दुसऱ्या दिवशी सोप्यात मांडीएवढं झालं. टोळीनं कंबरभर पाण्यातून गल्ली ओलांडून येऊन एकशेनव्वद ढेपा माडीवर ओढल्या. उरलेल्या एकशेनव्वद जागच्या जागी विरघळल्या. पाणी ओसरल्यावर गल्लीला काकवीचा वास राहिला आणि महिनाभर गांधीलमाश्या हटल्या नाहीत. येणारे-जाणारे विचारायचे, "आप्पासो, भूकंप येऊन गेला का?"

लालासाहेब दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"माझ्या शब्दावर खाली ठिवलात. चूक माझी हाय."

"चूक म्हटल्यानं गूळ वाळतो का?" आप्पासो म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

ती चूक खरोखरच लालासाहेबांची होती आणि त्यांनी ती कधी दुसऱ्यावर ढकलली नाही. कडेगावचा माणूस. नदीकाठी वाढलेला नव्हता. पाणी कुठवर येतं हे त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं होतं, "गुडघ्याएवढं" असं उत्तर मिळालं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं. माडी त्यांनी परातीनं मोजली होती. नदी कुणाच्या तरी आठवणीनं मोजली.

परिणाम लगेच दिसले. आप्पासोंनी आणि आणखी पाच अडत्यांनी त्यांच्या टोळीला काम देणं बंद केलं. बावीसातले तेरा जण दुसऱ्या टोळ्यांत गेले. नऊ राहिले. त्यांत कवठ्याकडचा धुळा होता आणि सीमेकडचा सिद्धू, ज्याची अर्धी मराठी कानडीत असे. पायऱ्यांवरचे आकडे मालकांनी ओल्या फडक्यानं पुसून टाकले.

"मुकादम, आता परात अंबूबाईला देऊन टाका," धुळा म्हणाला. "भाकरीचं पीठ तरी मळंल."

"पीठ काथवटीत मळतात, बावळ्या," अंबूबाई म्हणाली.

त्या हिवाळ्यात लालासाहेबांनी पुराची मोजणी केली. या वेळी कुणाला विचारलं नाही. गावभागातल्या बारा घरांच्या आतल्या भिंतींवरचा चुन्याचा रंग थराथरानं खरवडला. दर पुरानं एक मातकट रेघ ठेवलेली असते आणि दर दिवाळीत तिच्यावर पांढरा हात फिरतो. रेघा सापडत गेल्या, एकाखाली एक. आप्पासोंच्या दुकानात खरवडायला परवानगी नव्हती, पण अंबूबाईच्या खोलीचं भाडं अंबूबाई देत होती. सर्वांत वरची रेघ तिच्या खोलीत जमिनीपासून अडीच हातांवर निघाली. आजूबाजूच्या घरांतही जोत्याची उंची धरून पाहिली तर रेघ तिथंच यायची.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. कडेगावला भावाच्या बांधावरच्या वठलेल्या बाभळी तोडून बैलगाडीनं आणल्या आणि अंबूबाईच्या खोलीत तीन हात उंचीचा एक माचा उभा केला. चार खांब, वर फळ्या, खांबांना तिरके आडवे दांडे. माचा भिंतीपासून वीतभर दूर. भिंतीला कुठंही टेकायचा नाही, हे त्यांचं कलम. भिंत हलली तर तिनं एकटीनं हलावं, माच्याचं ओझं तिच्यावर येऊ नये. पाणी आलं तर तीन हातांच्या खालून जाईल. त्यावर त्यांनी दगड रचले, मग सिद्धूला आणि धुळ्याला चढवून नाचायला लावलं.

"येन्री मुकादम," सिद्धू वरून म्हणाला, "लग्नातबी मला कुनी यवढं नाचीवलं न्हाई."

माचा हलला, पण परत जागेवर आला. अंबूबाईनं दगड उतरवून त्यावर जोंधळ्याची पोती ठेवली. लालासाहेबांनी आणखी चौदा खांब कापून, तासून तिच्या परसात रचून ठेवले. ते कशासाठी, असं धुळ्यानं विचारलं.

"आप्पासोंच्या सोप्यासाठी."

"त्यांनी मागितल्यात?"

"न्हाई."

शेहेचाळीसच्या ज्येष्ठात आप्पासोंनी मिरजेहून टोळी बोलावली. सहाशे ढेपांच्या चौदा गाड्या गल्लीत उभ्या राहिल्या. आभाळ पहाटेपासून भरून आलं होतं. मिरजेच्या टोळीचा मुकादम जोतिबा, पन्नाशीचा, रुंद बांध्याचा माणूस. तो जिन्याशी आला, वाकला आणि खालच्या पायरीकडं बघत राहिला.

"आकडा कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"कसला आकडा?" आप्पासो म्हणाले.

"पायरीवरचा. माडीवर किती घ्यायचं त्यो."

"तुमाला मिरजेत कुणी सांगितलं हे भूकंपाचं येड?"

"भूकंपाचं आमास्नी काय ठावं न्हाई," जोतिबा म्हणाला. "आकडा आसला म्हंजी दिस किती व्हनार ते कळतं. न्हाईतर मालक सांजपातूर वर वरच चढवीत ऱ्हातोय. आमी तिकडं आता आकड्याबिगर माडी भरत न्हाई."

सांगलीतून गेलेल्या तेरा हमालांपैकी दोघं-तिघं मिरजेला कामाला लागले होते. आकडा त्यांच्याबरोबर गेला होता. तिकडच्या हमालांनी तो उचलला, पण कारण स्वतःचं लावलं.

"मग मी सांगतो की. सहाशे," आप्पासो म्हणाले.

"मालकाचा आकडा चालत न्हाई. मुकादमाचा लागतोय. तुमच्या हितला मुकादम कोन?"

गाडीवानांपैकी एकानं मागच्या खोलीकडं हात केला. लालासाहेब तिथं नऊ जणांबरोबर सकाळची न्याहारी करत बसले होते. निरोप आला तेव्हा त्यांनी हातातली भाकरी संपवली, चूळ भरली आणि मग उठले.

जिन्याशी आप्पासोंनी त्यांना बाजूला घेतलं.

"चारशे लिवा," ते हळू आवाजात म्हणाले. "सहाशेतले दोनशे मी दुसरीकडं बघतो. गेल्या सालचं मी इसरलो म्हणून समजा. उद्यापासनं तुमची टोळी पुन्ना माझ्या दुकानात. ते बाकीचे पाच अडते माझं ऐकतात, हे तुमाला म्हाईत हाय."

देऊ केलेली गोष्ट लहान नव्हती. नऊ माणसांना सौद्यात आठवड्यातून दोन दिवसही काम मिळत नव्हतं. धुळ्याचं पोर कवठ्याला आजारी होतं. आणि लालासाहेबांचा आधीचा आकडा एकदा आप्पासोंना महाग पडलेला होता. चारशे लिहिला असता तर कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं.

"परात द्या," ते म्हणाले.

माडी रिकामी होती. परात मधोमध ठेवली. जोतिबाच्या दोन माणसांनी ढेप आणून ठेवली. लालासाहेब मोजत गेले. चौतीसला पाणी थांबलं नाही. एक्केचाळीसला थांबलं. ते कोपऱ्यात गेले, तुळईखालच्या भिंतीवर वाळलेल्या चुन्याचं मागच्या वर्षीचं बोट पाहिलं. मधोमध तडा होता. खाली येऊन त्यांनी पायरीवर लिहिलं, १८०.

आप्पासोंनी आकडा पाहिला. "गेल्या साली दोनशेवीस हुता."

"गेल्या साली तवा पानी शिरलं न्हवतं."

"म्हंजी माझा गूळ गेला तो गेला, आन् वर माडीबी कमी झाली?"

"व्हय. या. हितं बोट घाला."

सोप्याच्या भिंतीत जोत्यालगत दोन दगडांमध्ये एक सांध होती. आप्पासोंनी बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याला नुसती ओली माती होती. तिथं पूर्वी चुना होता. आप्पासो बोट धोतराला पुसत उभे राहिले.

धुळा लालासाहेबांच्या कानाशी येऊन म्हणाला, "मुकादम, साडेतीनशे तरी लिवायचं हुतं की."

"तू वर बसून जेवतोस का खाली?"

"खाली."

"मग."

जोतिबा हे सगळं शांतपणे बघत होता. तो आप्पासोंना म्हणाला, "शेठ, आमचं सांगतो. जो मुकादम मालकाच्या तोंडाकडं बगून आकडा वाढीवतो, त्येचा आमी धरत न्हाई. ह्येचा धरतो. एकशेऐंशी चढवतो. बाकीचं तुमी बगा."

"काय बघू?" आप्पासो म्हणाले. "डोक्यावर ठेवू?"

"तुमचं डोस्कं दीडशेबी पेलायचं न्हाई," अंबूबाई मागच्या दारातून म्हणाली.

गल्लीत थेंब पडायला लागले. गाडीवान गाड्यांवर ताडपत्र्या ओढू लागले. लालासाहेबांनी आप्पासोंना परसात नेलं आणि खांब दाखवले. चौदा खांब, तासलेले, खाचा पाडलेले, फळ्या आणि आडवे दांडे वेगळे रचलेले. आप्पासोंनी खांबांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं.

"हे कवा केलंत?"

"पौषात."

"मी माचा लावू देईन असं कुणी सांगितलं तुमाला?"

"कुनी न्हाई."

आप्पासोंनी दुकानातल्या नोकराला सोपा मोकळा करायला सांगितलं. ही त्यांची संमती.

माचा उभा करायला दोन्ही टोळ्या लागल्या. भिंतीपासून एक वीत जागा सुटली की नाही, हे लालासाहेब प्रत्येक खांबाशी आठ बोटांपैकी पाच पसरून बघत होते. माच्यावर तीनशे ढेपा बसल्या. तीन हातांची उंची हमालाच्या पाठीच्या बरोबरीची. पाठीवरची ढेप न वाकता मागं सरकवून ठेवता येते, हे जोतिबाच्या माणसांच्या पहिल्या फेरीतच ध्यानात आलं आणि ते आपापसांत त्यावर बोलू लागले. एकशेऐंशी ढेपा माडीवर गेल्या त्या पुढच्या भागात, भिंतीलगत. अंबूबाईच्या खोलीवर लालासाहेबांनी एकही ठेवू दिली नाही. राहिलेल्या एकशेवीस आप्पासोंच्या चुलतभावाकडं विश्रामबागेच्या उंचवट्यावर गेल्या.

पुढचं आधीच सांगायला हवं, कारण ते थोडकं आहे. त्या साली पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं. भूकंप झाला नाही. त्याच्या पुढच्या साली नाही आणि त्याच्याही पुढच्या साली नाही. अठ्ठेचाळीसपर्यंत तपासलेल्या त्रेसष्ट घरांपैकी एक्केचाळीस घरांत माचे उभे राहिले आणि माड्यांवरचं ओझं निम्म्याहून खाली आलं. त्यातल्या एकाही मालकानं भूकंपाचं कारण दिलं नाही. माच्यावर माल लवकर लागतो, जिना चढावा लागत नाही, पुराच्या दिवशी धावपळ नको, अशी कारणं होती. हमालांना आकडा हवा होता तो दिवस मोजायला. लालासाहेबांना हे ठाऊक होतं. ते कुणाची चूक सुधारायला गेले नाहीत. आपण बरोबर होतो हे सिद्ध करायची एकच रीत होती, भूकंप, आणि तो यावा अशी त्यांची इच्छा नव्हती. दरसाल ते पुन्हा परात मागत आणि आकडा पुन्हा मोजून लिहीत. काही घरांत तो वाढला नाही. काही घरांत कमी झाला. एका घरात त्यांनी शून्य लिहिलं आणि मालकानं तो आकडा पुसला, तेव्हा पुन्हा लिहिलं.

त्या ज्येष्ठातल्या दुपारी अंबूबाईपुढं तीस माणसांचं जेवण होतं. माडी भरायच्या दिवशी वरच्या फळ्यांतून माती झडते, म्हणून ती दरसाल काथवटीवर फडकं ताणून, त्याखाली हात घालून पीठ मळायची. त्या दिवशीही तिनं फडकं बांधलं. पुढच्या बाजूला माडीवर पावलं वाजत होती. तिच्या डोक्यावर वाजत नव्हती. तिनं थोडा वेळ वर पाहिलं, मग फडक्याच्या गाठी सोडल्या आणि त्यात भाकरी गुंडाळायला घेतलं.

पहिल्या पंगतीला जोतिबा लालासाहेबांच्या शेजारी बसला. आधी त्यानं दोन भाकरी संपवल्या.

"मिरजेत आमी आकडा लिवतो खरं," तो मग म्हणाला, "पर त्यो आमचा आमी लिवतो. अंदाजानं. शंभर म्हना, दोनशे म्हना. ही परात आमच्यात कुनाला ठावं न्हाई."

"अंदाजानं लिवू नगा."

"मग या की एकदा. दर्ग्याकडच्या पेठंत लय जुनी घरं हाईत. माड्या हळदीनं भरल्यात."

"किती घरं?"

"मोजली न्हाईत."

"त्या घरांत पानी येतं का?"

जोतिबानं घास थांबवला. "न्हाई. तिकडं नदी लांब हाय."

"मग माल वर का ठिवताय?"

"आमचं आजं-पंजं ठिवत हुतं म्हून," जोतिबा म्हणाला आणि स्वतःच हसला.

लालासाहेबांनी ताटातलं कोरड्यास भाकरीनं पुसून घेतलं. "सोमवारी येतो."

"सोमवारी बाजार. मंगळवारी या."

"चुना भिजवून ठिवा," लालासाहेब म्हणाले. "मूठभर पुरंल."